मॉकिंगबर्ड की जस्ट मर्सी? एका गावातले दोन खटले

रेवा_सातारा

आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा अकरावी-बारावीच्या मुलांना सिनेमा दाखवतो आणि नंतर तासभर गप्पा मारतो. पुढचा विषय अमेरिकेतला वर्णद्वेष आणि न्यायव्यवस्था. त्यावरून समितीत दोन तट पडलेत. ज्येष्ठ मंडळींना १९६२ चा 'टू किल अ मॉकिंगबर्ड' हवा आहे, मला २०१९ चा 'जस्ट मर्सी'. बुधवारपर्यंत ठरवायचं आहे, म्हणून इथे विचारतेय.

ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात. पहिल्यात १९३० च्या दशकातलं अलाबामातलं एक गाव. टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय शेतमजुरावर गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा खोटा आरोप येतो. अ‍ॅटिकस फिंच हा गोरा वकील त्याच्या बाजूने उभा राहतो आणि हरतो. ही कादंबरीवरून घेतलेली कल्पित गोष्ट. दुसरा सिनेमा खऱ्या खटल्यावरचा. नोव्हेंबर १९८६ मध्ये एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात अठरा वर्षांच्या गोऱ्या मुलीचा खून झाला. पुढच्या वर्षी वॉल्टर मॅकमिलियन या कृष्णवर्णीय लाकूडतोड्याला अटक झाली. खुनाच्या वेळी तो स्वतःच्या घरी होता. चर्चसाठी निधी गोळा करायला त्याच्याकडे मासे तळून विकणं चाललं होतं आणि बरीच माणसं हजर होती. ती कोर्टात येऊन तसं बोललीसुद्धा. तरी तो दोषी ठरला. ब्रायन स्टीव्हनसन या तरुण कृष्णवर्णीय वकिलाने पुढे लढा दिला आणि मार्च १९९३ मध्ये वॉल्टर सुटला. जवळपास सहा वर्षं त्याने फाशीच्या कैद्यांमध्ये काढली.

आता मला अस्वस्थ करणारी गोष्ट. या दोन्ही गोष्टींचं मूळ गाव एकच आहे, अलाबामातलं मन्रोव्हिल; मॉकिंगबर्डमधलं कल्पित गाव त्याच्यावरच बेतलेलं. मॉकिंगबर्डच्या लेखिका हार्पर ली तिथल्याच. त्या गावातलं जुनं कोर्ट आता संग्रहालय आहे, आणि दर वसंतात गावकरी कादंबरीवरचं नाटक करतात. ज्या गावाला अ‍ॅटिकस फिंचचा एवढा अभिमान, त्याच गावात खराखुरा टॉम रॉबिन्सन उभा राहिला तेव्हा त्याला कुणी ओळखलं नाही.

मॉकिंगबर्डमधला तो प्रसंग आठवा. निकाल लागलाय, खालचा हॉल रिकामा झालाय, अ‍ॅटिकस कागद गोळा करून बॅगेत भरतोय. वर गॅलरीत बसलेले सगळे कृष्णवर्णीय लोक त्याच्या सन्मानार्थ मुकाट उभे राहतात. पहिल्यांदा पाहिला तेव्हा रडले होते. आता प्रश्न पडतो की टॉम कुठे आहे? त्याला केव्हाच घेऊन गेलेत. त्याच्या बायकोचा चेहरा आपल्याला क्षणभर दिसतो. तो मेल्याची बातमीसुद्धा आपल्याला अ‍ॅटिकसच्या तोंडून कळते. अन्याय टॉमवर झाला आणि आपण डोळे पुसतो ते वकिलाच्या थोरपणावर. सतरा वर्षांच्या मुलांना पहिला सिनेमा म्हणून हा दाखवावा का?

---

पिंपळपान

वाचनखूण साठवली. दोन्ही पाहिलेत, रात्री सविस्तर लिहितो.

---

शिरीष७०

रेवाताई, तळमळ पोचली, पण निष्कर्ष पटला नाही. सिनेमा त्याच्या काळात ठेवून पाहायला हवा.

मॉकिंगबर्ड लागला डिसेंबर १९६२ मध्ये. पुढच्याच महिन्यात अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांनी शपथविधीच्या भाषणात वर्णभेद आज, उद्या आणि कायम राहील असं ठणकावून सांगितलं. ८ एप्रिल १९६३ ला ग्रेगरी पेकना अ‍ॅटिकसच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं आणि त्याच आठवड्यात, १२ एप्रिलला, बर्मिंगहॅममध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांना अटक झाली. सप्टेंबरमध्ये त्याच शहरातल्या चर्चमध्ये बॉम्ब फुटून चार लहान मुली गेल्या. अशा वेळी गोऱ्या प्रेक्षकाला त्याच्याच रंगाचा, त्याच्याच घरातला वाटेल असा माणूस दाखवून 'तू याच्यासारखा वाग' असं सांगणं ही त्या सिनेमाची ताकद होती. कितीतरी अमेरिकन वकील सांगतात की आम्ही अ‍ॅटिकसमुळे वकिलीला आलो. हे कमी आहे का?

आणि अ‍ॅटिकस हरतो, हे विसरू नका. सज्जन माणूस असूनही व्यवस्था बधत नाही, हे त्या सिनेमाने तेव्हा दाखवलं.

---

मैत्रेयी_एनजे

मी न्यू जर्सीत गेली बरीच वर्षं आहे. नागरिकत्व मिळाल्यावर ज्युरी ड्यूटीचं बोलावणं आलं. मुलांना सिनेमा दाखवणार असाल तर ज्युरी कशी निवडतात हे आधी समजावून सांगा, नाहीतर अर्धा सिनेमा डोक्यावरून जाईल.

एका मोठ्या खोलीत आम्हाला बसवलं होतं. नावं पुकारून बारा-चौदा जणांना कठड्यामागच्या खुर्च्यांवर बसवलं. न्यायाधीशांनी प्रश्न विचारले: काय काम करता, घरात कुणी पोलिसात आहे का, कधी गुन्ह्याला बळी पडलात का. मग दोन्ही बाजूंचे वकील एकेकाला उठवू लागले. काहींना कारण सांगून, तर काहींना कारण न देताच. त्यांना तसा मर्यादित हक्क असतो. आरोपी कृष्णवर्णीय तरुण होता. माझ्या शेजारी बसलेल्या कृष्णवर्णीय बाई शाळेत शिक्षिका होत्या. सगळ्या प्रश्नांची शांतपणे उत्तरं दिली त्यांनी. सरकारी वकिलाने त्यांना उठवलं. कारण सांगितलं नाही. त्या पर्स उचलून जाताना मला म्हणाल्या, दर वेळी असंच होतं. मलाही पुढे उठवलं, त्यामुळे खटल्याचं काय झालं ते कळलं नाही. पण 'बारा सामान्य नागरिक न्याय करतात' हे वाक्य ऐकलं की मला आधी त्या बाई आठवतात. ते बारा कोण असणार, हे कुणीतरी आधी ठरवत असतं.

---

टिवल्याबावल्या

आपल्याकडेही ज्युरी होती ना? नानावटी खटला? 'रुस्तम' पाहून माझा कायद्याचा अभ्यास पूर्ण झालाय.

---

काळा_कोट

@टिवल्याबावल्या, होती. १९५९ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयात ज्युरीने बायकोच्या प्रियकराच्या खुनाचा आरोप असलेल्या नौदल अधिकारी नानावटींना ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना तो निकाल अमान्य झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि शिक्षा झाली. वर्तमानपत्रांतून जी हवा तापवली होती ती ज्युरीच्या खोलीत शिरली, असं तेव्हाही बोललं गेलं.

मैत्रेयीताईंच्या मुद्द्याला जोडून. कारण न देता ज्युरर उठवण्याचा हक्क वापरून केवळ वर्णामुळे कुणाला वगळता येणार नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये बॅट्सन खटल्यात दिला. पण वकिलाला वर्णाशी संबंध नसलेलं काहीतरी कारण सांगायची मुभा राहिली. चेहरा पडलेला होता, नजर देत नव्हती, एवढंही पुष्कळदा चालून जातं.

मॅकमिलियन खटल्यात तर ज्युरी निवडण्याच्या आधीच डाव टाकला गेला. मन्रोव्हिल ज्या मन्रो काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) येतं, तिथे कृष्णवर्णीय लोकसंख्या ४० टक्क्यांच्या आसपास. खटला तिथून हलवून गोऱ्यांची मोठी बहुसंख्या असलेल्या बाल्डविन काउंटीत नेला. ज्युरीत अकरा गोरे, एक कृष्णवर्णीय. अख्खा खटला दीड दिवसात उरकला. ज्याच्या साक्षीवर सगळं उभं होतं तो राल्फ मायर्स स्वतः गुन्हेगार होता. आपल्याला ओळखीपाळखीच्या नसलेल्या माणसाचं नाव घ्यायला लावताहेत अशी तक्रार तो पोलिसांकडेच करतोय, अशी ध्वनिफीत नंतर सापडली. पोलिसांनी ती बचाव पक्षाला दिलीच नव्हती.

आणि सगळ्यांत भयंकर गोष्ट. खटला उभा राहण्याच्या आधीच, दोषी ठरण्याच्या कितीतरी आधी, वॉल्टरला फाशीच्या कैद्यांच्या विभागात ठेवलं होतं. एवढं करूनही ज्युरीने बहुमताने जन्मठेपेची शिफारस केली. न्यायाधीशाने ती डावलून मृत्युदंड दिला. अलाबामात तसा अधिकार न्यायाधीशांना होता. तो कायदा २०१७ मध्ये रद्द झाला, पण आधी ज्यांना अशी शिक्षा झाली होती त्यांना त्याचा लाभ नाही.

---

मध्यममार्गी

बाप रे. न्यायाधीश ज्युरीच्या वर जाऊन फाशी देऊ शकतो हे माहीतच नव्हतं.

---

काळा_कोट

त्या न्यायाधीशांचं नाव रॉबर्ट ई. ली की (Key हे आडनाव). यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या सेनापतीचं नाव. कादंबरीत असं नाव दिलं असतं तर लेखकाला अतिशयोक्ती म्हणून फटकारलं असतं आपण.

---

अटलांटाकर

धागा वाचून राहवलं नाही. अटलांटाच्या बाहेर स्टोन माउंटन नावाचा ग्रॅनाइटचा प्रचंड डोंगर आहे. आपली मराठी मंडळी तिथे सहलीला जातात, पोहे-जिलबीचे डबे उघडतात, मुलं रोपवेने वर जातात. डोंगराच्या पोटावर यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या तीन पुढाऱ्यांची घोड्यावरची शिल्पं कोरलेली आहेत. १९१५ मध्ये त्याच डोंगरावर कू क्लक्स क्लॅन ही गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांची हिंसक संघटना पुन्हा जन्माला आली. त्याच वर्षी 'द बर्थ ऑफ अ नेशन' हा सिनेमा आला होता, ज्यात क्लॅनचे घोडेस्वार तारणहार म्हणून दाखवलेत. तो व्हाइट हाउसमध्येही दाखवला गेला. सिनेमाने काय होतं असं कुणी विचारलं की मी त्या डोंगराकडे बोट दाखवतो.

ब्रायन स्टीव्हनसन यांच्या संस्थेने मॉन्टगोमेरीत २०१८ मध्ये झुंडबळींचं स्मारक उभारलं. आम्ही गाडीने गेलो, अडीच-तीन तासांवर आहे. एका टेकाडावर मोठं उघडं छप्पर, त्याखाली माणसाच्या उंचीचे गंजक्या रंगाचे पोलादी खांब. आठशेहून जास्त. प्रत्येक खांब एका काउंटीचा, त्यावर तिथे मारल्या गेलेल्यांची नावं आणि तारखा. सुरुवातीला खांब समोरासमोर असतात, नावं वाचता येतात. चालत पुढे जाल तशी पायाखालची जमीन उतरत जाते आणि खांब तिथेच लटकत राहतात. शेवटी मान वर करून पाहावं लागतं. कुठे कुठे नावाच्या जागी फक्त 'अज्ञात' लिहिलंय. १८७७ ते १९५० मधल्या चार हजारांवर माणसांची नोंद त्या संस्थेने केली आहे. बाहेर तसेच आणखी खांब आडवे ठेवलेत. प्रत्येक काउंटीने आपापला खांब घेऊन जावा आणि आपल्या गावात उभा करावा, या अपेक्षेने. मी आमच्या काउंटीचा शोधला. होता तिथेच पडलेला.

मुलीने विचारलं, बाबा, आपण राहतो तिथे हे झालं? मी हो म्हटलं. आपण इथे उशिरा आलो, हा इतिहास आपला नाही, असं तिला सांगणं मला जमणार नव्हतं. आपल्याला इकडे यायला दार उघडलं ते १९६५ च्या स्थलांतर कायद्याने, आणि तो कायदा नागरी हक्कांच्या चळवळीने बदललेल्या हवेत झाला. त्या लोकांनी मार खाल्ला म्हणून आपण इथे घरं घेऊ शकलो.

---

मैत्रेयी_एनजे

@अटलांटाकर, शेवटचा परिच्छेद इकडच्या प्रत्येक मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात छापायला हवा. आपल्याच लोकांच्या पार्ट्यांमध्ये 'त्या' वस्तीबद्दल काय बोललं जातं ते आठवून सांगतेय.

---

निशिगंध

@शिरीष७०, 'त्या काळात एवढंच शक्य होतं' हे मला मान्य नाही. १९२० मध्ये ऑस्कर मिशो या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाने 'विदिन अवर गेट्स' काढला. मूकपट. त्यात एका निरपराध कृष्णवर्णीय कुटुंबाला झुंड फासावर लटकवते ते दाखवलंय, आणि ज्यांच्यावर बेततं ती माणसं सिनेमाच्या केंद्रस्थानी आहेत. कुणी गोरा वकील येऊन त्यांच्या वतीने बोलत नाही. शिकागोत दाखवायला परवानगी देताना खळखळ झाली, कारण आदल्याच वर्षी तिथे वांशिक दंगल झाली होती. पुढे तो सिनेमा हरवला आणि काही दशकांनी त्याची एक प्रत स्पेनमध्ये सापडली.

म्हणजे मॉकिंगबर्डच्या बेचाळीस वर्षं आधी ही गोष्ट आतून सांगणारा माणूस होता. त्याला पैसा, चित्रपटगृहं आणि ऑस्कर मिळालं नाही, एवढंच. काळाचं कारण पुढे केलं की त्या काळात ज्यांनी वेगळं केलं त्यांना आपण पुसून टाकतो.

---

शिरीष७०

निशिगंध, मिशोंबद्दल ऐकलं होतं, तपशील नवा आहे, धन्यवाद. तरी माझा मुद्दा उरतोच. मिशोंचा सिनेमा कृष्णवर्णीय वस्त्यांमधल्या थिएटरांत लागला. ज्युरीत बसणारे गोरे तो पाहायला गेले नाहीत. त्यांच्यापर्यंत पोचला तो मॉकिंगबर्ड.

---

निशिगंध

आणि मॉकिंगबर्ड पाहून, शाळेत अभ्यासक्रमात वाचून मोठी झालेली अलाबामातली पिढी १९८८ मध्ये वॉल्टरच्या ज्युरीत बसली. पोचला म्हणजे नेमकं काय झालं?

---

रोखठोक

सगळं खरं. पण सातारच्या मुलांना अमेरिका कशाला? आपल्या गावात काय कमी आहे का? तिकडच्या अन्यायावर हळहळणं सोपं असतं.

---

पुणेरी_काकू

@रोखठोक, एक सांगते. आमच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या होत्या. सुदानचा एक मुलगा आला होता, इंजिनिअरिंगला. बोलायला इतका मार्दवाचा, चपला दाराबाहेर काढून आत आला. मी हो म्हटलं. दोन दिवसांनी सोसायटीची तातडीची मीटिंग. 'हे लोक' रात्री गोंधळ घालतात, ड्रग्ज विकतात, लहान मुली आहेत इमारतीत. त्याच्याबद्दल एकालाही काही माहीत नव्हतं. मी भांडले. त्याला खोली दिली. दोन वर्षं राहिला. एका कुटुंबाने या काळात माझ्याशी बोलणं टाकलं. आणि तक्रार काय आली त्याच्याविरुद्ध? एकही नाही.

म्हणून मी म्हणेन, दाखवा अमेरिका. पण नंतरच्या गप्पांत आफ्रिकेतून आपल्याकडे शिकायला येणाऱ्यांचा विषय काढा. २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात नायजेरियन विद्यार्थ्यांना जमावाने मॉलमध्ये घुसून मारलं होतं, त्याचं चित्रीकरण सगळ्या देशाने पाहिलं.

---

कोकणकडा

अवांतर: आफ्रिकेतून आलेली माणसं आपल्या इतिहासात कमी नाहीत. मलिक अंबर गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी मुलगा, तो निजामशाहीचा कर्ता झाला आणि त्याने खडकी वसवली, पुढचं औरंगाबाद. मुरुडला आलात तर जंजिरा पाहताच, पण सिद्दी कोण, कुठून आले, हे विचारणारा पर्यटक विरळा. फोटो काढून परततात.

---

मध्यममार्गी

धाग्याचा विषय सिनेमा निवडण्याचा आहे. आता जात येईल, आरक्षण येईल आणि दोनशे प्रतिसाद होतील. संपादक मंडळाने लक्ष ठेवावं.

---

वऱ्हाडी_मन

@मध्यममार्गी, जातीचा दुवा मी किंवा तुम्ही जोडणार नाही आहोत, तो दीडशे वर्षांपूर्वी जोडलेला आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना. पुण्यात बसून. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांना पत्र लिहून तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाला दिलेल्या निवेदनाच्या प्रती मागवल्या, आणि डु बॉईस यांनी त्यांना उत्तर दिलं. १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांनी दलित पँथर काढली तेव्हा ते नाव अमेरिकेत ओकलंडला निघालेल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून घेतलं. माझे वडील तेव्हा नागपूरला कॉलेजात होते. मराठवाड्यातून, विदर्भातून निघणाऱ्या अंकांत निग्रो साहित्यावर लेख यायचे. त्यांनी ते अंक बांधून ठेवलेत.

त्यामुळे सातारच्या मुलांना अमेरिका कशाला, या प्रश्नाचं उत्तर एवढंच की आमच्या घरात ती आधीपासून होती.

दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असं मात्र मी म्हणत नाही. रंग लपवता येत नाही आणि आडनाव लपवता येतं. निदान काही काळ, काही शहरांत. त्यातून दोन वेगळ्या भीती जन्माला येतात. पोलिसाने गाडी थांबवली की तिथला मुलगा हात स्टिअरिंगवर ठेवून बसतो. माझा मामा नवीन ओळखीच्या माणसाने 'आडनाव काय तुमचं' विचारलं की उत्तर देण्याआधी क्षणभर थांबतो. मुलांना दोन्ही दाखवा, पण एकाचं दुसऱ्यात विरघळवू नका.

---

पुणेरी_काकू

वऱ्हाडी_मन, शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. ते अंक स्कॅन करून ठेवा बाबा, वाळवी कुणाची गय करत नाही.

---

ऋतुजा_आर

मी एकवीस वर्षांची आहे, त्यामुळे तुमच्या प्रेक्षकांच्या सगळ्यांत जवळची बहुतेक मीच असेन इथे. कोर्टाचे सिनेमे मला आवडतात, पण या विषयावरचा माझा सिनेमा 'फ्रूटव्हेल स्टेशन' आहे. रायन कूगलरचा २०१३ चा. ऑस्कर ग्रांट हा बावीस वर्षांचा खरा मुलगा. १ जानेवारी २००९ च्या पहाटे ओकलंडच्या रेल्वे स्थानकावर पोलिसाने पालथं पाडलेल्या अवस्थेत त्याच्या पाठीत गोळी घातली. प्रवाशांनी मोबाइलवर ते टिपलं, आणि तेच खरं चित्रीकरण सिनेमाच्या सुरुवातीला आहे. मग उरलेला सिनेमा म्हणजे त्याचा शेवटचा दिवस.

३१ डिसेंबरला त्याच्या आईचा वाढदिवस. तो खेकडे आणायला दुकानात जातो. तिथली नोकरी त्याची गेलेली आहे आणि ते त्याने घरी सांगितलेलं नाही. एका अनोळखी बाईला मासे कसे तळायचे ते विचारायला आजीला फोन लावून देतो. मुलीला पाळणाघरातून आणताना तिच्याशी शर्यत लावतो. चिडतोसुद्धा, खोटंही बोलतो. आई म्हणते, गाडी नको नेऊस, दारू पिणार असाल तर ट्रेनने जा. तो ऐकतो.

वकील नाही, भाषण नाही, गॅलरीत कुणी उभं राहत नाही. पोलिसाने सांगितलं की टेझर (विजेचा झटका देणारं हत्यार) काढायचा होता आणि चुकून पिस्तूल निघालं. त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली आणि वर्षाच्या आतच तो सुटला. रेवाताईंनी विचारलं ना, टॉम कुठे आहे? या सिनेमात टॉमच आहे, दुसरं कुणी नाही.

---

शिरीष७०

ऋतुजा, छान लिहिलंस. हा पाहिलेला नाही. आज रात्री पाहतो.

---

टिवल्याबावल्या

शिरीषकाका, रुमाल घेऊन बसा. मी सहज म्हणून लावला होता, नंतर तासभर कुणाचा फोन घेतला नाही.

---

पिंपळपान

रात्र उलटून दुसरी रात्र झाली, पण लिहितो म्हटलं होतं.

रेवाताई, तुमच्या कसोटीला 'जस्ट मर्सी'ही पूर्ण उतरत नाही. तोही वकिलाचाच सिनेमा आहे. हार्वर्डचा हुशार तरुण येतो, कागद उकरतो, जिंकतो. वकिलाचा रंग बदलला म्हणून साचा बदलतोच असं नाही. पण दोन ठिकाणी तो साचा मोडतो, आणि तिथे मुलांना थांबवून बोलतं करायला हवं.

एक, स्टीव्हनसन पहिल्यांदा तुरुंगात जातो तेव्हा पहारेकरी त्याला अंगावरचे सगळे कपडे उतरवायला लावतो. वकिलाची अशी झडती घेत नाहीत. तो खालच्या मानेने कपडे उतरवतो, पुन्हा घालतो आणि अशिलाला भेटायला आत जातो. अ‍ॅटिकसच्या बाबतीत हे घडूच शकत नाही. अ‍ॅटिकस कोर्टातून घरी जाऊन ओसरीवर बसू शकतो. स्टीव्हनसनला कोर्टाबाहेर पडल्यावरही पोलीस रस्त्यात थांबवू शकतात. म्हणून इथे बचाव करणारा आणि आरोपी एकाच जमिनीवर उभे आहेत.

दोन, हर्बर्ट रिचर्डसनचा प्रसंग. व्हिएतनाम युद्धातून डोकं बिघडून परतलेला माणूस. त्याने बॉम्ब ठेवला होता, त्यात एक मुलगी मेली, म्हणजे तो निर्दोष नाही. त्याला वाचवायला स्टीव्हनसन अपुरा पडतो. विजेच्या खुर्चीकडे नेताना बाकीचे कैदी आपापल्या कोठडीच्या गजांवर पेले आपटत राहतात, तू एकटा नाहीस हे कळावं म्हणून. निर्दोष माणसासाठी रडणं कुणालाही जमतं. सिनेमा विचारतो की ज्याने खरोखर गुन्हा केलाय त्याच्याबद्दल तुम्ही काय म्हणता. मॉकिंगबर्डमध्ये टॉम इतका निष्पाप, इतका विनम्र आहे की हा प्रश्न कधी येतच नाही. आणि माझं म्हणणं असं की न्याय मिळायला माणूस निष्पाप आणि विनम्र असावा लागू नये. वॉल्टरचं एका गोऱ्या विवाहित बाईशी प्रकरण होतं, त्यावरून गावाने त्याच्याबद्दल मत बनवलं होतं. ऑस्कर ग्रांट तुरुंगात जाऊन आलेला होता. ती माणसं होती, एवढं पुरे असायला हवं होतं.

---

निशिगंध

पिंपळपान, हे शेवटचं वाक्य धाग्याचं शीर्षक व्हायला हवं होतं.

---

काळा_कोट

व्यवहाराचं बोलतो. 'फ्रूटव्हेल' अमेरिकेत 'आर' वर्गात आहे, म्हणजे सतरा वर्षांखालच्यांनी मोठ्यांसोबतच पाहायचा; शिव्या भरपूर. 'जस्ट मर्सी' तेरा वर्षांपुढच्या मुलांना चालतो. पालकांची तक्रार आली तर वाचनालयाला उत्तर द्यावं लागेल. शिवाय सार्वजनिक प्रदर्शनाच्या परवानगीचं बघून घ्या.

---

रेवा_सातारा

सगळ्यांचे मनापासून आभार. आज समितीची बैठक झाली. तुमचे प्रतिसाद छापून नेले होते आणि ज्येष्ठांनी ते चष्मा लावून वाचले.

ठरलं ते असं: पुढच्या महिन्यात 'जस्ट मर्सी' पूर्ण. त्यानंतर मॉकिंगबर्डमधला फक्त निकालाचा आणि गॅलरीचा प्रसंग, त्यावर चर्चा. म्हणजे मुलं वॉल्टरला आधी भेटतील आणि अ‍ॅटिकसला नंतर. 'फ्रूटव्हेल' अठरा पूर्ण झालेल्यांसाठी वेगळा ठेवतोय. परवानगीचं काम सुरू केलंय.

मुलांच्या हातात मराठीत एक पान द्यायचंय. ज्युरी कशी निवडतात ते मैत्रेयीताईंनी लिहून द्यावं, न्यायाधीशाच्या त्या अधिकाराबद्दल काळा_कोट यांनी. वऱ्हाडी_मन, फुले आणि डु बॉईस पत्राबद्दल दहा ओळी द्याल का? आणि जमलं तर चर्चेला या, नागपूरहून साताऱ्याला यायची सोय आम्ही करू.

---

वऱ्हाडी_मन

दहा ओळी रविवारपर्यंत देतो. आणि येतो. वडिलांचे अंक सोबत आणतो, मुलांना हाताळू देऊ.

चर्चेसाठी एक प्रश्न सुचवतो. वॉल्टरच्या घरी मासे तळत होते तेव्हा हजर असलेली माणसं शपथेवर खरं बोलली. ज्युरीने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही आणि एका गुन्हेगाराच्या साक्षीवर ठेवला. मुलांना विचारा की तुमच्या गावात कुणाचं खरं बोलणं असं ऐकून सोडून दिलं जातं. नावं घ्यायला लावू नका, कागदावर लिहून द्यायला सांगा.

---

रेवा_सातारा

घेतला. कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन्सिली दाराशीच ठेवते.